पाच टक्क्यांची हमी आणि वऱ्हाडचा कापूस : गुंतवणूक-मूल्यमापनाच्या दृष्टीने एक अभ्यास

वाणिज्य शाखेच्या वर्गात गुंतवणुकीच्या पर्यायांची तुलना शिकविताना परतफेडीचा कालावधी, निव्वळ वर्तमान मूल्य आणि भांडवलाचा खर्च या संकल्पना सांगितल्या जातात. उदाहरणे मात्र बहुधा काल्पनिक कंपन्यांची असतात. वऱ्हाडच्या इतिहासात याच गणिताचे खरे उदाहरण उपलब्ध आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत पैसा गुंतविणारा लंडनचा भागधारक आणि कापसात पैसा गुंतविणारा अमरावती-अकोल्याचा व्यापारी, या दोघांपुढील पर्याय एकाच मापाने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१८४९ च्या करारानुसार या कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. पंचवीस वर्षांनंतर रेल्वे विकत घेण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. त्या काळी ब्रिटिश सरकारी रोख्यांवर सुमारे तीन ते सव्वातीन टक्के परतावा मिळे. सव्वातीन टक्के हा वटाव दर आणि पंचविसाव्या वर्षी दर्शनी किमतीने परतफेड असे गृहीत धरल्यास १०० पौंडांच्या भागाचे वर्तमान मूल्य सुमारे १३० पौंड येते. सरकारने रेल्वे प्रत्यक्षात १९०० मध्ये घेतली. मुदत पन्नास वर्षे धरल्यास हेच मूल्य १४३ पौंडांवर जाते. म्हणजे रुळाचा एक तुकडाही पडण्यापूर्वी भागधारकाच्या पदरात ३० ते ४३ पौंडांचे निव्वळ मूल्य पडले होते. वऱ्हाडात कापूस किती पिकतो, हे त्याने विचारण्याचे कारणच उरले नाही. माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये संसदीय समितीपुढे नेमके हेच सांगितले होते : हमी मिळाल्यावर आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळीत बुडाला, याच्याशी भागधारकाला कर्तव्य नव्हते. नफ्याचा धनी एक आणि जोखमीचा धनी दुसरा, अशी ही वाटणी होती.

अमरावतीच्या व्यापाऱ्याला अशी हमी कोण देणार? त्याच्यापुढे पर्याय होते ते माल भरून ठेवण्याचे, शेतकऱ्याला हंगामापूर्वी उचल देण्याचे आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगमध्ये उतरण्याचे. त्याचे माप परतफेडीच्या कालावधीचे. भांडवल हंगामाला मोकळे झाले पाहिजे, हा त्याचा दंडक. वर्तमान मूल्याची सूत्रे त्याला ठाऊक नसली तरी जोखमीची जाण त्याला होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि कापसाचे भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये. ज्या तेजीच्या उत्पन्नावर हा मार्ग सर्वाधिक शोभून दिसला असता, ती तेजी गाडी येण्यापूर्वीच ओसरली होती. तेजीतील भाव कायम राहील असे धरून ज्याने उचल दिली किंवा जमीन घेतली, त्याचा रोख प्रवाहाचा अंदाज दोन-तीन वर्षांतच फसला. लंडनचे पाच टक्के मात्र जसेच्या तसे चालू राहिले. त्यातील तुटीचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर पडला.

सरकारलाही हे गणित उमगले, पण उशिरा. १८६९ पासून स्वतः स्वस्त कर्ज काढून रेल्वे बांधण्याचे धोरण आले. जलंब-खामगाव फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला, बडनेरा-अमरावती फाटा १८७१ मध्ये. हे दोन्ही सरकारी मार्ग होते. अवघ्या काही मैलांचे हे तुकडे कापसाच्या मोठ्या बाजारांना थेट मुख्य मार्गाशी जोडत होते. ठरावीक भांडवल, ठरावीक मालवाहतूक आणि अंतर थोडे. मूल्यमापनासाठी याहून सोपा प्रकल्प सापडणे कठीण.

खासगी भांडवल पुढे पुन्हा आले. किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अरुंदमापी मार्ग टाकले. ‘शकुंतला’ या नावाने लोकांना परिचित असलेल्या या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ कंपनीकडेच राहिली. गाड्या भारतीय रेल्वे चालवीत असे आणि उत्पन्नातील वाटा मालक कंपनीला देय होता.