झिजलेल्या नाण्याची किंमत

मराठी भाषेने माणसांची पारख करण्यासाठी जे शब्दप्रयोग राखून ठेवले आहेत, त्यांतील बरेचसे सराफाच्या पेढीवरून आले आहेत. माणूस खणखणीत नाणे असतो, त्याचे बोलणे वाजवून घ्यावे लागते, संकटात त्याचा कस लागतो आणि एखाद्या कृत्याने त्याच्या नावाला बट्टा लागतो. वाङ्मयाच्या वर्गात हे सारे अलंकारिक प्रयोग म्हणून शिकवले जाते. त्यांच्यामागचा रोकडा व्यवहार मात्र पडद्याआड राहतो. बट्टा ही मुळात हिशेबातील कपात होय. अब्रूला लागण्याआधी तो रुपयाला लागत असे. जुन्या नाण्याची अवस्था आणि किंमत कशी ठरते, या प्रश्नाचा विचार आम्ही या शब्दापासून सुरू करतो. कारण या प्रश्नाला इतिहासात एक नव्हे, तीन उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर सराफाचे. मोगली धाटणीचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम वजनाचा असे आणि त्याची किंमत मुख्यतः त्यातील चांदीची असे. तो हातोहात फिरला की झिजे, झिजला की हलका होई. शिवाय टांकसाळी अनेक आणि प्रत्येकीचा कस वेगळा. पेशवाईच्या काळात अंकुशी, चांदवडी, मलकापुरी अशा कितीतरी रुपयांचा एकमेकांशी भाव ठरवावा लागे. हे काम सराफांचे आणि पोतदारांचे. नाणे वाजवून पाहायचे, कसोटीवर घासायचे, तोलायचे, शंका आली तर टोचून पाहायचे आणि पारख झाल्याची बारीक खूण त्यावर उठवायची, ही त्यांची रीत. बंगालमध्ये तर चालू सालचा ‘सिक्का’ रुपया आणि मागील सालांचा ‘सनवात’ रुपया यांच्या भावात नुसत्या सालामुळेही फरक पडे. हा बट्टा मोडून काढण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमच्या राजवटीचे १९ वे साल नाण्यांवर कायम केले. प्रत्यक्ष साल कोणतेही असो, रुपयावर उमटे ते १९ च. पुढे १८३५ साली १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आला आणि सराफाच्या या विद्येची गरज उतरणीला लागली. या पहिल्या पारखीत जुनेपणाला काही प्रतिष्ठा नव्हती. जुने म्हणजे हलके, आणि हलके म्हणजे कमी मोलाचे.

दुसरे उत्तर संग्राहकाचे. येथे जुनेपणा गुण ठरला. झीज मात्र दोषच राहिली. टांकसाळीतून नुकते निघाल्यासारखे नाणे सर्वांत वर, मग उत्तम, चांगले, बरे अशा उतरत्या पायऱ्या. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तीत मूळ कल्पना अशी होती, की निकृष्ट अवस्थेतील नाण्याची किंमत एक धरली तर सर्वोत्तम नाण्याची सत्तर व्हावी. बाजाराने हे गणित पाळले नाही, पण आकडे ठेवले, आणि आज ते जगभरच्या नाण्यांना लावले जातात.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ही पट्टी बरी शोभते. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांचा न्याय तिने करता येत नाही. आपल्याकडील जुन्या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान असे. त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावे. अक्षर दिसत नाही याचे कारण ते झिजून गेले, घाव हलका पडला की ते चकतीवर आलेच नव्हते, हे आधी ठरवावे लागते. नाण्याचा सर्वांत उंच भाग गुळगुळीत झाला असेल तर झीज. उंच भाग ठीक असून एकच बाजू पुसट असेल तर कच्चा घाव. माळेत ओवण्यासाठी पाडलेले छिद्र, कडी काढून टाकल्याची खूण, घासून आणलेली चकाकी, हे सारे किंमत उतरवणारे. आणि दुर्मिळता तर वयावर अवलंबून नसतेच. सहाव्या जॉर्जचा १९३८ सालचा रुपया सहज मिळतो, १९३९ चा मात्र अत्यंत विरळा. आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची कित्येक नाणी या दोहोंहून स्वस्त असतात.

महाराष्ट्रात या गोंधळाचे ठळक उदाहरण म्हणजे शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा घरोघरी देव्हाऱ्यात सापडतो आणि तो थेट महाराजांच्या हातचा मानला जातो. वास्तविक शिवराया महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडल्या गेल्या. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई पेशवेकालीन, आणि ब्रिटिश अमलातही हे नाणे लोकांच्या हाती होते. त्यावरील ‘शिव’ कोठे ऱ्हस्व, कोठे दीर्घ, कोठे ‘सिव’ असाही भेटतो. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची किनार, वजन यांवरून प्रकार लावावे लागतात. पाठभेदांच्या अभ्यासात मुरलेल्या माणसाला हे काम परके वाटू नये. बाजारात ज्या शिवराईला ‘पुसट’ म्हणून बाजूला टाकतात, तिच्यावरच एखादे वेगळे वळण शिल्लक असू शकते.

येथे तिसरे उत्तर सुरू होते, ते इतिहासकाराचे. आणि ते ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे दिले ते दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिताचे अध्यापक होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४० च्या आसपास, त्यांनी तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांकडे लक्ष वळवले. त्यांचा विचार साधा होता. नाणे चलनात जितके अधिक काळ राहील तितके ते वजनाने घटेल. मात्र हाताने घडवलेल्या एकट्या नाण्याचे वजन काही सांगत नाही, कारण ते जन्मतःच थोडे कमी-अधिक असते. समूहाची सरासरी मात्र बोलते. झिजेचा हा नियम पडताळण्यासाठी त्यांनी चालू नाणीही हजारोंच्या संख्येने तोलली. आहत नाण्यांच्या मागील बाजूस जसजशा बारीक खुणा वाढत जातात तसतसे सरासरी वजन घटत जाते, असे त्यांना आढळले. या खुणा वेळोवेळी केलेल्या पारखीच्या असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. सराफ ज्या झिजेसाठी बट्टा कापतो आणि संग्राहक जिच्यासाठी श्रेणी उतरवतो, तीच झीज कोसंबींच्या तराजूत कालमापनाचे साधन झाली.

१९२४ साली मिळालेल्या भीर टेकाडाच्या निधीत अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडिअसचे एक नाणे होते, तीही नव्यासारखी कोरी. फिलिपची कारकीर्द इसवी सनपूर्व ३२३ ते ३१७ ची. त्यामुळे निधी पुरला गेला तो काळ हाती लागला. म्हणजे कोरेपणालाही मोल आहेच, पण ते शेजारच्या झिजलेल्या नाण्यांमुळे आहे. कोरे नाणे तारीख सांगते, झिजलेली नाणी वाटचाल सांगतात.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला निधी हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने सांगतो. सुमारे १३,२५० चांदीची नाणी, सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची; आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. नहपानाच्या मुखवट्यावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. श्रेणीच्या भाषेत बोलायचे तर या नाण्यांचा मूळ ठसा बिघडलेला आहे. परंतु नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखात गौतमी बलश्री आपला पुत्र क्षहरातांचा उच्छेद करणारा होता असे अभिमानाने सांगते, तेव्हा तिच्या शब्दांना आधार या ‘बिघाडा’चाच मिळतो. आईने केलेली स्तुती अतिशयोक्त म्हणता आली असती. नऊ हजार नाण्यांवरील घाव अतिशयोक्ती करत नाहीत.

म्हणून आम्हांला चिंता वाटते ती निधी फुटण्याची. गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याची सक्ती करणारा कायदा १८७८ सालचा आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. तरीही नांगराला लागलेले गाडगे अनेकदा गुपचूप वाटले जाते. त्यातील देखणी नाणी बाजारात जातात, झिजलेली मुशीत. सत्तरपैकी साठ गुणांचे नाणे वाचते आणि त्याचा काळ सांगू शकणारी त्याची भावंडे चांदीच्या भावाने वितळतात. राहिलेल्या नाण्याला चिंच-लिंबू लावले जाते. तांब्यावर शतकांनी चढवलेले पुट आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडा एका दुपारी निघून जातात.

जुन्या पोथीचे एकच सुबक पान फ्रेम करून भिंतीवर लावावे आणि बाकीची जीर्ण पाने चुलीत घालावीत, असे कोणी केले तर साहित्याचे अभ्यासक त्याला रसिक म्हणणार नाहीत. नाण्यांच्या बाबतीत हा विवेक अजून रुजायचा आहे. घरात किंवा शेतात जुने नाणे मिळाले तर ते धुवू नये. कोठे, कशाबरोबर आणि किती सापडली याची नोंद करावी. वजन लिहून ठेवावे. पुसट म्हणून काही वगळू नये आणि नाणी एकापेक्षा अधिक असतील तर ती एकत्र राहतील असे पाहावे. बाजारभाव प्रत्येक नाण्याचा वेगळा सांगता येतो. इतिहासातील त्याचे मोल मात्र त्याच्या सोबतीतच असते, आणि त्या सोबतीत सर्वांत झिजलेले नाणेही मोजावे लागते.