चार कुलपांचा वाडा



गेल्या आषाढात ग्रामपंचायतीची नोटीस आली. पिंपळवंडीतल्या आमच्या जुन्या वाड्याची रस्त्याकडची भिंत फुगली आहे, दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या. वाड्यात आता कुणी राहत नाही. चार भावांच्या चार वाटण्या, चार कुलपं. पुढच्या बाजूला एक भाडेकरू किराणा दुकान चालवतो. त्याचं भाडं माझ्या सासऱ्यांच्या काळात ठरलेलं, त्यात आज आमचा दोन दिवसांचा चहासुद्धा होत नाही. म्हणून आम्ही दुरुस्ती करत नाही, आणि आम्ही करत नाही म्हणून तोही खिळा ठोकत नाही.

थोरल्या दिरांची सही आणायला मी पुण्याला गेले. काम झाल्यावर बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोरच्या रस्त्यावर आले आणि पाय थांबले. इथेच भिडे वाडा होता. लग्नाआधीपासून मी त्याच्यावरून शंभर वेळा गेले असेन. खाली दुकानं, वर पडकं लाकूड. त्या दुकानांतून खरेदी केली असेल, मान वर करून मात्र कधी पाहिलं नाही.

१८४८ साली जोतीराव फुल्यांनी तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शिकवायला सावित्रीबाई. जन्म १८३१ चा, म्हणजे त्या वेळी वय सतरा. आपल्या घरातली सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे काय ते कळेल. शेणाच्या गोळ्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला वेगळंच लक्षात राहिलं. ही शाळा परक्याच्या घरात होती. पुढे १८५१ मध्ये बुधवारातच चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा निघाली, तीही दुसऱ्याच्याच घरात. फुल्यांनी स्वतःची इमारत बांधली नाही, जागा मिळेल तिथे पाट्या-पेन्सिली मांडल्या. शाळा हलली, वाड्याचे मालक बदलले, आणि तिथे काय घडलं होतं हे त्या भिंतींना विचारणारं कुणी उरलं नाही.

याच्या उलट गोष्ट तिथून दहा मिनिटं चाललं की दिसते. विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाचं कोरीवकाम. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. १६ नोव्हेंबर १८५२ ला याच वाड्यात मेजर कॅंडी यांच्या हस्ते फुल्यांचा शाल देऊन सरकारी सत्कार झाला. १८७९ च्या मे महिन्यात पेठेत आग लागली. बुधवार वाडा पूर्ण जळाला, विश्रामबागेचा काही भाग जळाला. जळालेला भाग पुण्याच्या लोकांनी वर्गणी काढून आणि नगरपालिकेने हातभार लावून पुन्हा उभा केला. पुढे १९३० पासून जवळजवळ तीस वर्षं पुण्याचा नागरी कारभारच तिथून चालला. पोस्ट आलं, वाचनालय आलं. म्हणजे त्या वाड्यात रोज सकाळी कुणीतरी दार उघडत होतं, केर काढत होतं, गळलेलं कौल कुणाच्या तरी नजरेला पडत होतं.

भिडे वाड्याचं दारही रोज उघडत होतं, पण फक्त दुकानांचं. वरच्या मजल्यावर जायचं कुणाला कारण नव्हतं.

हे एकाच वाड्याचं नाही. पेठेतले इतके वाडे असे का झाले, हे माझ्या माहेरच्या दुकानामुळे मला लहानपणीच कळलं होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या आकड्याला बांधली. फाळणी आणि महागाईच्या त्या दिवसांत तो कायदा गरिबाला आधार होता, यात शंका नाही. पण तो उठलाच नाही. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत महागाई कुठल्या कुठे गेली आणि भाडं जागच्या जागी. मालकाला वाटायचं, पडला तर सुटलो. भाडेकरूला वाटायचं, दुरुस्तीला माल काढला तर आत परत येऊ देतील का? माझे वडील दर पावसाळ्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस घडी करून गल्ल्याखाली ठेवत. आई आम्हाला मागच्या जिन्यावर पाय ठेवू देत नसे. आमचा संसार त्या गल्ल्यावर चालला, त्यामुळे दुकानदारांना सरसकट दोष देणं मला जमत नाही.

भिडे वाड्याचं राष्ट्रीय स्मारक करायचं असं महापालिकेने २००६ मध्ये ठरवलं. मालक आणि भाडेकरू कोर्टात गेले. स्मारक हवं हे खरं, आणि तिथे पोट भरणारी माणसं आहेत हेही खरं. तेरा वर्षं तारखा पडत राहिल्या आणि दर पावसाळ्यात वाडा थोडा थोडा खाली येत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्री, पोलीस बंदोबस्तात, महापालिकेने तो पाडला. जे जपायचं म्हणून इतकी वर्षं भांडण चाललं, तेच शेवटी ढिगाऱ्यात गेलं. आता तिथे वाड्यासारखी दिसणारी नवी वास्तू व्हायची आहे. २९ सप्टेंबर २०२४ ला तिची पायाभरणी झाली. त्याच दिवशी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही पेठांच्या पोटातून जाणारी मेट्रो सुरू झाली. पेठेत पुन्हा माणसं यावीत म्हणून महापालिकेचे बरेच प्रयत्न चालू आहेत. डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा देतात, तो मला फार आवडतो. पण फुले स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. नव्या स्मारकावरच्या खर्चाचा हिशेब त्यांनी कसा मागितला असता, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे म्हणतात, नवं देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याच्या जीर्णोद्धाराचं पुण्य आठपट. लहानपणी मला हे देणगी गोळा करण्याचं वाक्य वाटायचं. अहमदाबादचं हठीसिंगांचं देरासर तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. धर्मनाथ भगवानांचं, भोवती बावन्न देवकुलिका. शेठ हठीसिंग १८४५ मध्ये अर्ध्यावर गेले आणि काम त्यांच्या पत्नीने, हरकुंवर शेठाणींनी, आपल्या देखरेखीखाली पूर्ण करून घेतलं. साल १८४८. म्हणजे इकडे पुण्यात सावित्रीबाई मुलींना मुळाक्षरं गिरवायला लावत होत्या, त्याच वर्षी तिकडे एक विधवा बाई संगमरवराच्या कारागिरांशी हिशेब करत होती. ते देरासर आज लखलखीत आहे. पैसा हे एक कारण झालं. पण रोज पहाटे तिथे प्रक्षाल होतो, कुणीतरी खांबाखांबावरून ओला कपडा फिरवतो. तडा गेला तर त्याच दिवशी दिसतो.

पुण्याहून परतल्यावर मी सासूबाईंच्या वाटणीचं कुलूप उघडलं. अकरा वर्षांनी. तेल घालून, वीट मारून उघडलं एकदाचं. आत वटवाघळांची घाण, पण तुळया धड आहेत. जुन्नरहून सुतार आणला होता, त्याने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, ताई, सागवान आहे, भिंतच तेवढी मातीची, पाणी वरून मुरतंय, आधी कौलं फिरवा. देवघराच्या कोनाड्यात सासूबाईंची सामायिकाची पोथी होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. पोथी त्या पाठ म्हणत, तरी समोर उघडून ठेवत.

किराणावाल्या दादांशी बोलले. कौलांचा निम्मा खर्च द्यायला ते तयार आहेत, फक्त दुकान सोडावं लागणार नाही असं कागदावर हवं म्हणाले. मला ते रास्त वाटलं. थोरल्या दिरांनी सही केली, आमची झाली. तिसरे म्हणतात पाडून टाका, जागा विकू. धाकटे सुरतेला असतात, दिवाळीला आल्यावर बघू म्हणाले. तोवर दादांनी स्वतःच्या खर्चाने भिंतीला दोन लाकडी टेकू लावले आहेत, आणि मी दर अष्टमीला जाऊन दार उघडून झाडून येते.