पोचून हरवलेल्या पेट्या

परदेशी पाठवलेली वस्तू हरवली की माणूस आधी पाठवल्याची पावती काढतो, मग ती कुठवर गेली याचा माग घेतो. संभाजीनगर जिल्ह्यातून गेलेल्या एका मोठ्या सामानाचा असा माग काढत गेलं, तर अडचण वेगळीच निघते. सामान वाटेत कुठेही गहाळ झालं नाही. ते लंडनला नीट पोचलं, आणि तिथे, घेणाऱ्याच्या ताब्यात असताना गेलं.

हे सामान म्हणजे रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या केलेल्या नकला.

लेणी 1819 साली इंग्रजांच्या नजरेला पडली. मद्रास घोडदळाच्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. चित्र बघून लगेच चाकू काढणारा पर्यटक तेव्हाही होता. 1839 मध्ये जेम्स फर्ग्युसन तिथे गेला. चित्रं ओल, वटवाघळं आणि माणसं यांच्या तावडीत आहेत, ती नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला व्हाव्यात, असं त्याने 1843 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. सोसायटीने कंपनीच्या संचालकांना गळ घातली आणि 1844 मध्ये मद्रासच्या फौजेतला गिल या कामावर नेमला गेला.

त्याचा मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत असे. पुढची जवळजवळ वीस वर्षं तो लेण्यांच्या अंधारात कॅनव्हासवर तैलरंगात मोठाली चित्रं काढत राहिला. गावात त्याची आठवण निघते ती मात्र पारोमुळे. 1856 मध्ये वारलेल्या पारोची कबर गावात आहे. ना. धों. महानोरांनी त्यावर काव्य लिहिलं, 2012 मध्ये नितीन देसाईंनी सिनेमा काढला. त्या प्रेमकथेच्या छायेत गिलच्या कामाचं काय झालं हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

चित्रं तयार होतील तशी टप्प्याटप्प्याने लंडनला जात. सुरुवातीच्या खेपा गेल्या तेव्हा देशात रेल्वे नव्हती, आणि सुएझचा कालवा तर 1869 मध्ये उघडला. म्हणजे आधी डोंगर, मग बंदर, मग महिनोन्‌महिने समुद्र. एवढा प्रवास निभावून कॅनव्हास पोचले. तीसेक चित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला टांगली गेली. 30 डिसेंबर 1866 रोजी त्या काचमहालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलच्या चित्रांपैकी चारपाचच वाचली.

दुसरी प्रत नव्हती. गिलने छायाचित्रंही काढली होती. फर्ग्युसनच्या मजकुरासह त्यातली 74 छायाचित्रं 1864 मध्ये पुस्तकरूपाने आली. पण कॅमेऱ्यात खांब, कमानी, दर्शनी भाग उतरला. काळोखातल्या भिंतीवरचा रंग टिपायची त्या काळच्या काचेची ताकद नव्हती. जळालेल्या काही चित्रांचा मागमूस उरला तो 1856 च्या श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकातल्या छोट्या, रंगहीन छापांत. वीस वर्षांच्या कामाची ही पोचपावती.

यातून सरकारने धडा घेतला, पण अर्धाच. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन दर हंगामात अजिंठ्याला येऊ लागले. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. 1885 पर्यंत सुमारे तीनशे चित्रं झाली. हीही लंडनलाच गेली, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. आणि 1885 मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून अधिक चित्रं जळाली किंवा खराब झाली. एकाच पत्त्यावर दोनदा पाठवावं आणि दोन्ही वेळा आग लागावी, याला योगायोग म्हणता येईल. मला मात्र त्यात व्यवस्थेचा दोष जास्त दिसतो: अस्सल चित्र निजामाच्या मुलखात झिजत होतं, आणि त्याची नक्कल जपायची ठरली तरी ती इथे कुणाच्या हाती द्यावी असं वाटलं नाही.

नकलांचा भुर्दंड मूळ चित्रांनाही बसला. रंग उठून दिसावेत म्हणून नक्कलकारांनी भिंतींवर वॉर्निश फासलं, ते पुढे काळवंडलं आणि सोलू लागलं. निजाम सरकारने 1920 नंतर इटलीहून दोन तज्ज्ञ आणले, त्यांनीही लाखेचा थर चढवला. त्यामुळे अमुक रंग प्राचीन चित्रकाराचा की नंतरच्या थराचा, हे ठरवायला संशोधकांना पुन्हा त्याच नकलांकडे जावं लागतं. चित्राचा जो तुकडा भिंतीवरून गेला आणि लंडनमध्येही जळाला, त्याचं मात्र कुठेच काही बघायला मिळत नाही.

ग्रिफिथ्सची जी चित्रं वाचली त्यांच्या आधारे 1896-97 मध्ये दोन मोठे खंड निघाले. दोन्ही खेपांतली मिळून दीडशेहून अधिक चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बरीच वर्षं ती गुंडाळ्या करून ठेवलेली होती; 2006 पासून त्यांची डागडुजी सुरू झाली, आता ती संगणकावर बघता येतात.

गिल 1879 मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्या वर्षी ग्रिफिथ्सचे विद्यार्थी अजिंठ्यात त्याच भिंतींसमोर बसून, गिलची जळालेली चित्रं पुन्हा पहिल्यापासून काढत होते.