पुणें शहरांतील हिंवाळा आणि पानिपतची संक्रांत

दरवर्षीं जानेवारी महिना लागला कीं जुन्या कागदांचा नाद असलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. पानिपतचा संग्राम ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशीं झाला, आणि त्यावरूनच 'संक्रांत कोसळणें' हा शब्दप्रयोग मराठींत आला, हें खरें काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे लढाईच्या मैदानापेक्षां पुणें शहराच्या घरगुती व्यवहारांतच अधिक शिरावें लागतें. शहरांत हिंवाळा केव्हां येई, तो आल्याचें लोकांस कशावरून कळे, कोण घरीं असे व कोण बाहेर, देवदर्शनास वा यात्रेस माणसें केव्हां निघत, हें समजल्यावांचून त्या वर्षींच्या संक्रांतीचा अर्थ लागत नाहीं. म्हणून प्रथम हिंवाळ्याचा विचार करूं व मग मूळ प्रश्नाकडे वळूं.

आरंभीं कालगणनेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण संग्राहकांच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा येथेंच होतात. मराठी दप्तरांतील कागदावर 'छ' या अक्षरापुढें जो आंकडा असतो तो मुसलमानी महिन्याचा चंद्र होय. हे महिने निव्वळ चांद्र असल्यामुळें ऋतूंशीं बांधलेले नाहींत. दर सौर वर्षास ते सुमारें अकरा दिवस मागें सरकतात. पानिपतच्या वेळीं जमादिलाखर महिना जानेवारींत आला होता. तोच महिना सोळा-सतरा वर्षांनीं ऐन पावसाळ्यांत आला. अर्थात् नुसत्या महिन्याच्या नांवावरून कागद थंडीच्या दिवसांतील कीं पर्जन्यकाळांतील, हें सांगतां येणार नाहीं. मोडकांची जंत्री किंवा तत्सम साधन उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

याच्या उलट शुहूर सन हा सौर आहे. सूर्य मृगनक्षत्रीं गेला म्हणजे तो बदलतो. यास्तव संपूर्ण हिंवाळा एकाच शुहूर वर्षांत पडतो. शालिवाहन शकाचेंही तसेंच. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ एकाच शकांत असतो. इसवी सन मात्र हिंवाळ्याचे मधोमध दोन तुकडे करतो. शुहूर सनाच्या आंकड्यांत डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. या सनाच्या मार्गशीर्षाचे बहुतेक दिवस इसवी १७६० चे, तर पौष सबंध १७६१ चा. सर्व हिंवाळ्यास एकच आंकडा मिळवून इसवी सन लिहिणारा संग्राहक कित्येक कागद एका वर्षानें मागें किंवा पुढें ढकलतो, आणि मग एकाच घरच्या एकाच थंडींतील दोन याद्या दोन निरनिराळ्या रुमालांत जातात.

आतां शहराकडे येऊं. शास्त्रकारांनीं मार्गशीर्ष व पौष हे हेमंताचे, आणि माघ व फाल्गुन हे शिशिराचे महिने सांगितले आहेत. परंतु पुणेंकरांचा हिंवाळा याच्याही अगोदर, कार्तिक शुद्ध एकादशीस चातुर्मास संपतांच सुरू होई. चार महिने चाललेले नेम सुटत, तुळशीचीं लग्नें लागत, आणि पावसानें व व्रतांनीं घरांत बसलेलीं माणसें बाहेर पडत. पहिलें मोठें बाहेर पडणें त्रिपुरी पौर्णिमेचें. नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीवर देवदेवेश्वराचें देवालय उभारल्यापासून ही टेकडी शहराचें दैवत झाली. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्रीं पायऱ्या चढून दीपमाळेचें दर्शन घ्यावें, वरून नगराकडे पाहावें व अंगावरील पांघरूण सांवरीत खालीं यावें, हा थंडीचा पहिला अनुभव पुण्याच्या अनेक पिढ्यांनीं घेतला आहे. आजही त्या रात्रीं शहरांतील जुनीं देवळें पणत्यांनीं उजळतात.

पौर्णिमेमागून वद्य पक्षांत आळंदीची यात्रा येते. ज्ञानेश्वर महाराजांनीं शके १२१८ त, म्हणजे इसवी १२९६ त, कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधि घेतली. एकादशीपासून तेथें जो मेळा भरतो त्यास पुण्याचीं माणसें पायीं जाऊन मिळत. मार्गशीर्ष लागतांच खंडोबाचें षड्रात्र बसतें व शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, तें उठतें. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें कित्येक घरीं या दिवशीं प्रथम चुलीवर येतें; भरीत व रोडगे यांचा नैवेद्य होतो. वांग्याची बाजारांतील मागणी या एका तिथीस एकदम वाढत असली पाहिजे, आणि घरखर्चाच्या कीर्दींत ती दिसावयास हवी. तिथि न लिहिलेल्या कीर्दीचा काळ ठरवितांना अशी एखादी भाजीची नोंदही उपयोगीं पडेल, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सूर्य धनुराशीस गेला म्हणजे धुंधुरमास लागतो. या महिन्यांत सूर्योदयाच्या सुमारासच जेवावयाचें असतें. पहांटेच्या काळोखांत चूल पेटवावी, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी व लोणी यांचा नैवेद्य दाखवावा, आणि उजाडतां उजाडतां पंगत बसावी, असा हा क्रम आहे. यांत व्रत किती व शहाणपण किती, हें सांगणें कठीण. कारण थंडींत भूक लवकर लागते व बाजरी अंगास ऊब देते, हें कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. पांघरुणांची सोय घोंगडी, गोधडी व पासोडी यांवर होती. शालजोडी ही थोरांची किंवा सन्मानाची वस्तु. बुधवार पेठेंतील विठोबास 'पासोड्या विठोबा' हें नांव, त्या जागीं पासोड्या विकल्या जात त्यावरून पडलें, असें सांगतात. थंडीनें एका देवास नांव द्यावें ही गोष्ट पुण्यासच शोभते!

परंतु हा सर्व सोहळा पाहावयास शहरांत होतें कोण? आमच्या मतें या विषयांतील मुख्य मुद्दा हाच आहे, आणि त्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. दसऱ्यास सीमोल्लंघन झालें कीं फौजा मोहिमेस निघत व पावसाळ्याच्या तोंडीं परतत. ज्या चातुर्मासाच्या समाप्तीनें घरांतील माणूस देवदर्शनास मोकळा होई, त्याच मोसमांत शिपाई मुलूखगिरीस मोकळा होई. वाटा वाळत, नद्या उतरत, चारा मिळे. म्हणजे पेशवाईंतील पुण्याचा हिंवाळा हा बहुतांशीं बायका, मुलें, वृद्ध, भिक्षुक, उदमी व दप्तरांतील कारकून यांचा हिंवाळा होता. पर्वतीच्या पायऱ्यांवर त्रिपुरीच्या रात्रीं ज्यांनीं दिवे लाविले, त्यांपैकीं अनेकांचें माणूस त्या वेळीं शेंकडों कोसांवर होतें. सण आणि स्वारी हे एकाच ऋतूचे दोन भाग होत. त्यांचे कागद मात्र निरनिराळ्या ठिकाणीं राहिले. स्वारीचे कागद सरकारी दप्तरांत जपले गेले, सणाचे कागद घरच्या माळ्यावर पडले.

या दृष्टीनें इहिदे सितैनच्या हिंवाळ्याकडे पाहावें. लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, तारीख १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली, याविषयीं वाद नाहीं. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, आणि तारखांच्या या साम्यावरूनच वरील समजूत निघालेली दिसते. परंतु संक्रांत ही सूर्याच्या निरयन राशिप्रवेशावर अवलंबून आहे. निरयन वर्ष इंग्रजी वर्षापेक्षां किंचित् मोठें असल्यामुळें सुमारें सत्तर वर्षांत संक्रांतीची तारीख एक दिवस पुढें सरकते. याचें सर्वश्रुत उदाहरण स्वामी विवेकानंदांच्या जन्माचें आहे. त्यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजीं झाला व त्या दिवशीं मकरसंक्रांति होती, हें प्रसिद्ध आहे. तेथून एकशें दोन वर्षें मागें जाऊन मध्यंतरींच्या लीपवर्षांचा हिशेब धरिला, तर १७६१ ची संक्रांत ९ किंवा १० जानेवारीस येते. म्हणजे ती लढाईच्या चार-पांच दिवस आधीं होऊन गेली होती. लढाई संक्रांतीस झाली नाहीं.

मग शब्दप्रयोगाचें काय? त्यासाठीं पानिपतापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. पंचांगांत संक्रांतीचें वाहन, वस्त्र, ती कोठून येते व कोठें पाहते, हें दरवर्षीं दिलेलें असतें. जिकडे तिची दृष्टि तिकडे अरिष्ट, असें फल सांगतात. 'संक्रांत येणें' या बोलण्याचा उगम या फलश्रुतींत मानणें अधिक सयुक्तिक होय.

एक लोकप्रिय समजूत खोडून काढण्यांत आम्हांस विशेष आनंद नाहीं. किंबहुना खरी तारीख लक्षांत घेतली म्हणजे प्रसंग अधिकच हृदयद्रावक होतो. पुण्यांत ज्या दिवशीं सुगडें पूजिलीं गेलीं व तिळगूळ वांटला गेला, त्या दिवशीं भाऊसाहेबांची छावणी पानिपतावर दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेली असून अन्नान्न करीत होती. पेशवे स्वतः साह्यास उत्तरेकडे निघालेले होते. शहरांत मागें राहिलेल्यांस यांतील खरी स्थिति कळण्यास मार्ग नव्हता. जासूद व सांडणीस्वार यांवांचून बातमी नाहीं, आणि तेही वाटेंत अडलेले. त्या संक्रांतीस पुणें नगरानें हळदीकुंकू केलें तें अजाणतेपणीं केलें. ज्यांच्या नांवानें तें केलें, त्यांतील कित्येकांचे आणखी चार-पांचच दिवस उरले होते. दोन्ही घटना एकाच दिवशीं घालणारी समजूत हें अंतर पुसून टाकते, आणि त्या हिंवाळ्याचें खरें दुःख तर त्या अंतरांतच आहे.

पुढील काळांत हिंवाळ्याचा उंबरठा शहरास आणखी दोनदां कठीण गेला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला, तो दिवस दिवाळींतील नरकचतुर्दशीचा. पंधरा वर्षांनीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीची लढाई झाली. तीही दिवाळीच्या तोंडावर. १७ नोव्हेंबर रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलें. त्या महिन्याची अमावास्या ९ तारखेची होती. अर्थात् त्रिपुरी पौर्णिमा निशाण चढल्यापासून आठवड्याच्या आंतच आली. राज्य गेलें, पण तिथि चुकली नाहीं. त्या रात्रीं पर्वतीवर किती दिवे लागले, हें सांगणारी एखादी तेलाची यादी कोणाच्या संग्रहीं असेल, तर ती कोणत्याही तहनाम्याइतकीच मोलाची होय.

राज्य गेल्यावर हिंवाळ्याचा अर्थही पालटला. मोहिमा संपल्या, पुरुष घरीं राहिले, आणि बाहेर पडण्यास नवीं निमित्तें आलीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, दिवाळीच्या सुमारास, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा प्रयोग पुण्यांत झाला, आणि थंडीच्या रात्रीं उपरणें गुंडाळून नाट्यगृहांत बसणें हा शहराचा नवा परिपाठ झाला. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं गुरुस्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला. डिसेंबरांतील त्या बैठकी पूर्वीं रात्रभर चालत. श्रोते शाली व घोंगड्या घेऊन येत आणि पहांटेचे राग पहांटेसच ऐकत. ध्वनीविषयक नियमांमुळें पुढें त्या रात्री आटोपत्या घ्याव्या लागल्या, पण उत्सव आजही हिंवाळ्याची खूण म्हणूनच ओळखला जातो. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्याचें तपमान १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. अलीकडे इतकी थंडी पडत नाहीं. तरी सारसबागेंतील तळ्यांतल्या गणपतीस भक्तजन लोंकरीचा स्वेटर व कानटोपी घालतात. ज्या गांवीं विठोबानें पासोडीचें नांव घेतलें, तेथें गणपतीनें स्वेटर घालावा यांत नवल तें काय?

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवेदप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. राजकारणाच्या कागदांस त्यामुळें प्रकाश मिळाला. घरगुती कीर्दी, सणांच्या याद्या, तेलवातीचे व कापडाचे हिशेब यांस मात्र असा वाली भेटला नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेच्या कांठचीं घरें बुडालीं. तेथल्या कोनाड्यांत काय काय होतें याची यादीही आतां होणें नाहीं. जें उरलें आहे तें वाडे पाडतांना रद्दींत जातें, किंवा मोठ्या माणसाची सही असलेला एखादा कागद तेवढा काढून घेऊन बाकीचें बाड मोडलें जातें. बाड मोडूं नये. ज्या क्रमानें कागद सांपडले त्याच क्रमानें ते बांधावे, कोणाच्या घरीं व कोणत्या पेटींत मिळाले तें वरच्या वेष्टनावर लिहावें, आणि 'छ' च्या आंकड्याची जंत्रीशीं गांठ घातल्यावांचून त्यांवर इसवी सन लिहूं नये. शके १६८२ च्या पौषांतील एखाद्या पुणेरी घरची तिळगुळाची यादी जर कोणास सांपडली, तर तिच्यावर सही नसली तरी ती टाकूं नये. त्या हिंवाळ्यांत मागें राहिलेल्यांची साक्ष कदाचित् तेवढीच उरली असेल.