सुरतेशी जोडलेले दोन खटले

बऱ्याच वर्षांपूर्वी गावातला एक बाप संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. एका बुवाने त्याच्या मुलीचा घात केला होता. "गुरुजी, कोर्टात जावं का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "जाऊ द्या भाऊ, पोरीची बदनामी होईल." तो उठून गेला. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण त्या संध्याकाळी मला इतिहासही आठवला नाही आणि कायदाही.

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ साल आठवते. पण तिथून मुंबईस आलेले वैष्णव महाराज जदुनाथजी यांचा खटलाही विसरण्याजोगा नाही. महाराज लोक भक्तांच्या लेकीसुनांना भ्रष्ट करतात, असे करसनदास मुळजी यांनी १८६० साली 'सत्यप्रकाश' पत्रात लिहिले. महाराजांनी पन्नास हजारांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. म्हणजे फिर्यादी झाले गुरू आणि प्रतिवादी झाला संपादक! कोणी विरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून भाटिया पुढाऱ्यांनी कट केला. त्याबद्दल त्यांनाच दंड झाला.

१८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली. सुरतेचे कवी नर्मद साक्षीला उभे राहिले. आपल्या गोमंतकात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगावर उपचार केल्याचे शपथेवर सांगितले. २२ एप्रिलला निकाल लागला: करसनदासांचे लिहिणे खरे ठरले. जे नीतीने वाईट ते धर्माने चांगले ठरू शकत नाही, अशा आशयाचे न्यायमूर्ती अर्नोल्ड बोलले.

मात्र ज्यांच्यावर बेतले त्यांपैकी एकही स्त्री त्या कोर्टात बोलली नाही. महाराज दावा हरले, तुरुंगात गेले नाहीत. सत्य आले ते संपादकाच्या बचावाच्या आडवाटेने.

आता दुसरा खटला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरतेच्या दोन बहिणी पोलिसांत गेल्या. धाकटीची फिर्याद नारायण साईविरुद्ध, थोरलीची त्याचे वडील आसाराम यांच्याविरुद्ध. घटना दहा-बारा वर्षे जुन्या. तरी "उशीर झाला" म्हणून दार बंद झाले नाही, कारण बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला फिर्यादीची मुदत नसते. थोरलीच्या तक्रारीतला गुन्हा अहमदाबादचा. ती सुरतेत नोंदवून तिकडे पाठवली गेली. सुरतेच्या सत्र न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी नारायण साईला जन्मठेप दिली आणि पीडितेला पाच लाख भरपाई देण्यास सांगितले. गांधीनगरच्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आसाराम यांनाही जन्मठेप सुनावली.

वाट सोपी नव्हती. साक्षीदारांवर हल्ले झाले. त्यांतल्याच महेंद्र चावला यांच्या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. १८६१ मध्ये साक्षीदार आवरणाऱ्यांना दंड झाला. आता साक्षीदाराने आधीच संरक्षण मागावे, अशी सोय झाली.

आपले नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. म्हणून सांगतो: गुन्हा सीमेपलीकडे घडला तरी फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, ठाणे ती नोंदवून योग्य जागी पाठवते. मूल अठराच्या आतले असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेचा गैरफायदा घेणाऱ्याला २०१३ च्या दुरुस्तीपासून कडक शिक्षा आहे. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही ते कलम आहे. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

आणि पीडितेचे नाव छापणे १९८३ पासूनच गुन्हा आहे. तो बाप माझ्या ओट्यावर बसला, तेव्हाही होता. त्याला बदनामीची भीती घातली ती कायद्याने नव्हे, मी.