जुनी कौटुंबिक छायाचित्रे : नावे, जतन आणि देवाणघेवाण

मीरा रोड पूर्वेकडील नया नगर व त्यालगतच्या वसाहती १९८० च्या दशकापासून वाढत गेल्या. येथे स्थिरावलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कुणी उत्तन-गोराईहून, कुणी वसईहून, तर कुणी गोवा-मंगळूरहून आले. गावचे घर सुटले, सदनिकेत जागा अपुरी पडली आणि जुन्या छायाचित्रांची पेटी पोटमाळ्यावर गेली. या छायाचित्रांचे स्कॅनिंग आज सोपे झाले आहे. परंतु त्यांतील माणसांना ओळखणारे ज्येष्ठ एकेक करून आपल्यातून जात आहेत. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे हे की, नावे आधी लिहावीत. स्कॅनिंग मागाहून झाले तरी चालेल.

नावांची नोंद

समूहचित्राची झेरॉक्स काढून तीवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा व ज्येष्ठांना विचारून त्या क्रमाने नावे लिहावीत. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला देण्याची प्रथा असल्याने एकाच घराण्यात दोन-तीन अंतोन सहज आढळतात. तेव्हा नाव-आडनावासोबत गाव, आळी, घराचे लौकिक नाव आणि नाते यांचीही नोंद करावी. सांगणाऱ्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्यास उत्तम. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे. मूळ छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिलने कडेला हलकेच लिहावे. इमारतीतील मुस्लिम व हिंदू शेजाऱ्यांच्या अल्बममध्येही आपल्या घरचे नाताळ व लग्नाचे प्रसंग असू शकतात. त्यांनाही अवश्य विचारावे.

काळ कसा ओळखावा

धार्मिक प्रसंगांच्या छायाचित्रांतच काळाच्या खुणा असतात. वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. तत्पूर्वी खाडीच्या दोन्ही तीरांवरील धर्मग्रामे मुंबई महाधर्मप्रांतातच होती. त्यामुळे दृढीकरणाच्या छायाचित्रात आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस असतील, तर ते सामान्यतः १९५० ते १९७८ या काळातील, आणि आर्चबिशप सायमन पिमेंटा असतील, तर १९७८ ते १९९६ या काळातील समजावे. धर्मगुरू भाविकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करीत असतील, तर ते बहुधा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२-६५) सुमाराचे किंवा नंतरचे असते. पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या युखरिस्त परिषदेस आले होते, तर पोप दुसरे जॉन पॉल यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईस भेट दिली. त्या प्रसंगांची छायाचित्रे असल्यास त्यांचा काळ निश्चित होतो.

तारीख पडताळण्यासाठी चर्चच्या नोंदवह्यांचा आधार घेता येतो. विवाहनोंदवही ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली घातला. विवाहाच्या नोंदीत साक्षीदारांची आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांची नावे असतात. लग्नाच्या छायाचित्रात वधूवरांशेजारी उभे असलेले अनोळखी चेहरे अशा नोंदीतून ओळखता येतात. त्यासाठी धर्मगुरूंकडे रीतसर विनंती करावी.

स्कॅनिंग व जतन

छापील छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. ४ बाय ६ इंचांच्या प्रतीपासून २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. ३५ मिलिमीटर निगेटिव्हसाठी २४०० डीपीआय किंवा अधिक ठेवावे. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपावी, वाटपासाठी जेपेग करावी. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्र ओढून काढू नये. निघत नसल्यास पानासकट स्कॅन करावे. फाइलला ‘१९६२-उत्तन-लग्न-०३’ असे वर्ष, गाव व प्रसंग सांगणारे नाव द्यावे.

तीन प्रती ठेवाव्यात व त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे आपण विसरू नये. केवळ संकेतस्थळावर विसंबणेही धोक्याचे आहे. अनेकांनी छायाचित्रे ठेवलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले.

देवाणघेवाण

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र लहान होते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि नावांची यादी सोबत जोडावी. शवपेटीभोवती घेतलेली कुटुंबाची छायाचित्रे आपल्या अनेक घरांत आहेत. सारी भावंडे एकत्र असलेले तेवढेच एक छायाचित्र असते, म्हणून ते अवश्य जपावे; मात्र नातलगांच्या संमतीविना सर्वांसमोर मांडू नये. लहान मुलांच्या छायाचित्रांबाबतही हाच नियम पाळावा.

मुंबईतील अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ने कौटुंबिक छायाचित्रासोबत त्यामागील हकीकतही जपली. आपल्या धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांनाही असे कार्य करता येईल. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे लिहून मिस्सासाठी देतो. त्या नावांचे चेहरे आपल्याच पेटीत आहेत. घरातील ज्येष्ठ हयात आहेत तोवर नाव आणि चेहरा यांची गाठ घालून ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.