मॉय नदीकाठचे माग
फॉक्सफर्ड येथील हस्तोद्योगाची हकिगत

जुबिलीच्या निमित्ताने धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी साहजिकच चर्चच्या इमारतीकडे वळते. कोनशिला केव्हा बसली, घंटा कोठून आली, वेदी कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, ह्या गोष्टींची नोंद होते आणि ती अवश्य व्हावी. परंतु पुष्कळ ठिकाणी चर्चच्या आवारातच दुसरी एक साधी वास्तू उभी असते. तिला कोणी हॉल म्हणतात, कोणी समाजगृह, तर कोणी नुसतेच 'शिवणवर्ग' म्हणून ओळखतात. तेथे मुली शिवणटिपण शिकतात, तरुण मंडळी बँडचा सराव करतात, सणाच्या आधी नाटकाच्या तालमी रंगतात. ह्या वास्तूचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. ती म्हणजे चर्चची केवळ पडवी आहे, अशीच बहुतेकांची समजूत असते.

ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविणारी एक हकिगत आयर्लंड देशात घडली. एका दरिद्री खेड्यात धर्मभगिनींनी हातकामाचे केंद्र काढले आणि त्याच्या आधाराने त्या खेड्याचे सारे जीवन पालटले. वाचक धर्मबांधवांनी ती शांत चित्ताने वाचावी व तिच्यावर विचार करावा, एवढीच ह्या लेखाची अपेक्षा आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो नावाचा परगणा आहे. त्यातून मॉय नावाची नदी उत्तरेकडे वाहत जाऊन समुद्रास मिळते. ह्या नदीच्या काठी फॉक्सफर्ड हे गाव वसलेले आहे. भूमी खडकाळ व पाणथळ, शेतीचे तुकडे लहान, आणि जमिनीची मालकी बहुतांशी जमीनदारांकडे. गरिबांचा निर्वाह बटाट्याच्या एकाच पिकावर चाले. १८४५ साली त्या पिकावर करपा पडला व पुढील वर्षांत देशभर भयंकर दुष्काळ माजला. सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्यू पावली आणि तितकीच किंबहुना अधिक माणसे देश सोडून गेली. मेयो परगण्यास ह्या आपत्तीची फार मोठी झळ लागली. १८४१ साली तेथे सुमारे ३ लक्ष ८९ हजार लोक होते. १८९१ साली ते सुमारे २ लक्ष १९ हजारच उरले.

ह्या परगण्याची व्यथा एका मुलाच्या चरित्रात एकवटलेली दिसते. फॉक्सफर्डपासून काही मैलांवर स्ट्रेड नावाचे खेडे आहे. तेथे १८४६ साली मायकेल डॅविट ह्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना खंड न भरल्यामुळे त्यांच्या कुटुंबास घरातून हाकलून लावण्यात आले. कुटुंब इंग्लंडात गेले, आणि तेथे एका कापडाच्या गिरणीत काम करीत असता अकराव्या वर्षी ह्या मुलाचा उजवा हात यंत्रात सापडून गेला. हेच डॅविट पुढे शेतकऱ्यांचे पुढारी झाले व १८७९ साली मेयो परगण्यातच त्यांनी भूमिसंघाची स्थापना केली. त्याच वर्षी, २१ ऑगस्ट रोजी, त्याच परगण्यातील नॉक ह्या गावी पवित्र मातेचे दर्शन घडल्याची वार्ता पसरली व ते स्थान यात्रेकरूंचे झाले. भूक, चळवळ आणि श्रद्धा अशा तिन्ही गोष्टी एकाच भूमीत एकाच काळी कशा नांदत होत्या, हे ह्यावरून ध्यानात येईल.

ज्या मदरांची ही हकिगत आहे त्यांचे मूळ नाव ॲग्नेस मॉरो-बर्नार्ड. त्यांचा जन्म १८४२ साली इंग्लंडातील चेल्टनम येथे झाला. मात्र घराणे आयर्लंडातील, सुखवस्तू व जमीनजुमला असलेले होते. तरुणपणी त्यांनी धर्मभगिनींच्या 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' ह्या संस्थेत प्रवेश केला. मेरी आइकनहेड ह्यांनी १८१५ साली डब्लिन येथे ही संस्था स्थापिली होती. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्या नेहमीच्या तीन व्रतांबरोबर गरिबांची सेवा हे चौथे व्रतही ह्या भगिनी घेतात. ॲग्नेस ह्यांस मठात मदर आर्सेनियस हे नाव मिळाले. १८७७ साली त्या पश्चिमेकडील बॅलाहडरीन गावी आल्या आणि तेथे चौदा वर्षे त्यांनी दुष्काळाने पोळलेल्या प्रजेची स्थिती जवळून पाहिली.

१८९१ साली त्यांनी फॉक्सफर्ड येथे मठ उघडला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात तेरावे लिओ ह्या परमगुरूंनी कामगारांच्या स्थितीविषयीचे आपले सुप्रसिद्ध परिपत्रक प्रसिद्ध केले होते. श्रमिकास त्याच्या कुटुंबाचे पोट भरेल एवढे वेतन मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे त्यात प्रतिपादन केले आहे. हा योगायोग असेल. परंतु रोममध्ये जो सिद्धांत लिहिला गेला त्याचे जणू प्रात्यक्षिकच ह्या आडगावी सुरू झाले.

मठ उघडल्यावर भगिनींनी प्रथम शाळा हाती घेतली. मुले उपाशी येत, म्हणून त्यांच्या पोटाची तजवीज करावी लागली. परंतु मदर आर्सेनियस तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आज वाढलेले अन्न उद्या पुन्हा वाढावे लागते. मुले मोठी होतात, शाळा सोडतात, आणि परदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट धरतात. मग शाळेने तरी काय साधले? गावातच काम निर्माण झाल्याशिवाय ही गळती थांबावयाची नाही, असा त्यांचा निश्चय झाला. गावाजवळ मेंढ्यांची लोकर होती, आणि मॉय नदीचे पाणी रात्रंदिवस फुकट वाहून जात होते. त्या पाण्यावर लोकरीची गिरणी चालवावी असे त्यांनी ठरविले.

येथे अडचण अशी की मठातील कोणासही गिरणीचा धंदा ठाऊक नव्हता. मदरांनी चौकशी केली. उत्तरेकडील टिरोन परगण्यात कॅलिडन येथे लोकरीची एक नावाजलेली गिरणी होती. तिचे चालक जे. सी. स्मिथ ह्यांस त्यांनी पत्र लिहिले. आपण पत्र कोणास लिहीत आहा हे आपणांस ठाऊक आहे काय, मी प्रॉटेस्टंट आहे आणि शिवाय फ्रीमेसन आहे, अशा आशयाचे उत्तर स्मिथ ह्यांनी धाडल्याचे सांगतात. त्या काळी आयर्लंडात दोन पंथांमध्ये किती वैर होते हे जाणणाऱ्यास त्या प्रश्नाचे वजन कळेल. प्रथम तर त्यांनी हा बेत वेडेपणाचा ठरविला. तथापि मदरांनी पाठ सोडली नाही, आणि अखेरीस तेच गृहस्थ ह्या कार्याचे सल्लागार व मित्र बनले. त्यांच्या गिरणीत तयार झालेले फ्रँक शेरी हे फॉक्सफर्डला व्यवस्थापक म्हणून आले. ज्यास आपल्याहून अधिक कळते त्याच्या दारी जाण्यास धर्मभेद आड येऊ नये, हा ह्यातील धडा थोर आहे.

दुसरी अडचण भांडवलाची. पश्चिमेकडील ज्या भागांत भूमीच्या मानाने माणसे फार होती त्यांच्या साहाय्यार्थ सरकारने १८९१ सालीच 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' नावाचे मंडळ नेमले होते. त्याजकडून मदरांस ७,००० पौंडांचे कर्ज मिळाले. कामगारांच्या शिक्षणासाठी वेगळे अनुदानही मिळाले. १८९२ साली गिरणी सुरू झाली. तिला त्यांनी 'प्रॉव्हिडन्स', म्हणजे सर्वांची काळजी वाहणारी ईश्वरी कृपा, असे नाव दिले. परंतु कृपेवर भरवसा ठेवला म्हणून हिशेबाची वही मिटून ठेवली असे मात्र झाले नाही. कर्ज हे दान नव्हे; ते फेडावयाचे म्हणजे माल विकला पाहिजे, आणि विकला जावयाचा म्हणजे तो उत्तम असला पाहिजे.

लोकरीचे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम लोकर धुऊन तिचे तेल व मळ काढावा लागतो. मग ती पिंजून तिचे तंतू मोकळे करावयाचे, त्यांचे सूत कातावयाचे, मागावर ताणा चढवावयाचा आणि धोट्याने बाणा भरीत कापड विणावयाचे. तरीही काम संपत नाही. विणलेले कापड साबणाच्या पाण्यात मळून आटवावे लागते, तेव्हा ते दाट व उबदार होते. नंतर ताणून वाळवून त्यावरील लव उभी करावी लागते. ह्यातील एक पायरी बिघडली तर पुढील सर्व श्रम फुकट जातात. शेतमजुरांच्या ज्या मुलामुलींनी यंत्र कधी पाहिले नव्हते त्यांना हे सारे शिकवावे लागले. त्यांनी ते आत्मसात केले. फॉक्सफर्डच्या कांबळी व लोकरीचे जाड कापड ह्यांचे नाव पुढे आयर्लंडबाहेरही झाले. गिऱ्हाईक कांबळे घेई ते दया म्हणून नव्हे, तर ते ऊब देते म्हणून.

गिरणीच्या भोवती हळूहळू गावाचे केंद्र उभे राहिले. भगिनींनी मुलींस शिवणकाम, स्वयंपाक व लोणी काढणे शिकविले; घरोघर कोंबड्या पाळणे व परसात भाजीपाला लावणे ह्यांस उत्तेजन दिले; घर स्वच्छ ठेवावे, दारापुढील उकिरडा दूर न्यावा, ह्याविषयी कुटुंबांची मने वळविली. गावाचा स्वतःचा बँड उभा राहिला. १९२३ साली, म्हणजे मदर एक्याऐंशी वर्षांच्या असताना, तेथे संगीताची शाळाही निघाली. कोणी म्हणेल, भुकेल्या गावास वाद्ये कशाला? परंतु मनुष्य केवळ भाकरीसाठी गावात राहत नाही. जेथे सायंकाळी गाणे आहे, शेजार आहे, आपल्या हातच्या कामाचे कौतुक करणारे कोणी आहे, तेथे त्याचे मन रमते. काम पोट भरते, आणि असा सहवास गावास गावपण देतो.

मदर आर्सेनियस १९३२ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, फॉक्सफर्ड येथेच प्रभूच्या घरी गेल्या. त्यांच्या कार्याने सर्व दुःख नाहीसे झाले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. मेयो परगण्यातील माणसे पुढेही देशांतरास जातच राहिली. १९७१ साली तेथील लोकसंख्या सुमारे १ लक्ष १० हजारांवर आली होती. एका गावच्या गिरणीने साऱ्या परगण्याची गळती थांबावी हे शक्यच नव्हते. गिरणीवरही पुढे वाईट दिवस आले. बाजार बदलला, स्वस्त माल आला, आणि १९८७ साली धंदा बुडीत निघून तिचा ताबा कर्जवसुली अधिकाऱ्याकडे गेला. परंतु ज्या कामासाठी आले त्यात गुंतलेल्या एका तरुण हिशेबनिसानेच ती पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले. नवीन व्यवस्थेत गिरणी सुरू झाली, आणि आज तेथे विणकाम चालते व पाहुणे ते पाहावयास जातात. ह्याचे कारण एकच दिसते. तेथे केवळ यंत्रे नव्हती, तर तीन-चार पिढ्यांच्या हातांत मुरलेले कसब होते. यंत्रे विकता येतात. कसब लिलावात निघत नाही.

धर्मबांधवहो, आपल्यापैकी पुष्कळांस हा विचार अगदीच परका वाटणार नाही. वसईच्या कॅथॉलिक बांधवांनी १९१८ साली सावकारी पाशातून सुटण्यासाठी सहकारी पतसंस्था काढली. तीच आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून सर्वांस परिचित आहे. तेथे पैसा एकत्र आला, फॉक्सफर्डला हात एकत्र आले. परंतु उपकाराचा घास घेण्यापेक्षा आपल्या पायांवर उभे राहावे, हा भाव दोहोंकडे एकच.

म्हणून जुबिलीच्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील शिवणवर्गाकडे, सुतारकामाच्या बाकाकडे, बँडच्या खोलीकडे आपण जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. तेथे शिकविणारा जाणता असावा, मग तो कोणत्याही पंथाचा असो. तेथील माल असा असावा की तो घेताना कोणास दया करावी लागू नये. जमाखर्च चोख असावा. आणि कामाबरोबर गाणे, खेळ व गोष्टी ह्यांसही तेथे जागा असावी. प्रभू येशू नाझरेथ गावी सुताराच्या घरी वाढले. संत पौल तंबू तयार करून आपला निर्वाह करीत. ज्या धर्माचा आरंभच अशा कष्टाळू हातांत झाला, त्याच्या मंदिराशेजारी हातकामाची खोली असणे ही पडवीची गोष्ट नव्हे. ती घरातलीच आहे.

गतकाळात ज्यांनी आपल्या ह्या आवारात मुलींच्या हाती सुई व मुलांच्या हाती रंधा दिला, त्यांची नावे बहुधा कोनशिलेवर सापडणार नाहीत. जुबिलीच्या मिस्साबलिदानात त्यांचे स्मरण आपण करू या, आणि त्यांनी सुरू केलेले काम खंडित होऊ नये एवढी कृपा परमेश्वरापाशी मागू या.